मिस्सा मराठीत आली ते वर्ष

धाकट्या भावाने मिहानच्या बाजूला नवा फ्लॅट घेतला, तो बघायला मागच्या मार्चअखेरीस नागपूरला गेले होते. फ्लॅट छान आहे, वाऱ्याचा आहे. पण रविवार उजाडला तशी मी त्याला म्हटलं, मला आपल्या जुन्या चर्चला सोड. त्याने दारात उतरवलं आणि गाडी लावायला जागा शोधत तो पुढे गेला. मी एकटीच आत शिरले. दाराशी दगडी वाटीत पवित्र पाणी होतं. बोटं बुडवली, कपाळ, छाती, दोन्ही खांदे, हात आपोआप फिरला. पाणी कोमट होतं. नागपुरात मार्च संपता संपता पाणी कुठंही ठेवा, ते कोमटच होतं.

झावळ्यांचा रविवार होता तो. येशू गाढवावर बसून यरुशलेमेत आला आणि लोकांनी फांद्या हलवून त्याचा जयजयकार केला, त्याची आठवण म्हणून सगळ्यांच्या हातात शिंदीच्या पात्या. त्यांचा हिरवा, जरासा तुरट वास पंख्यांच्या वाऱ्याबरोबर फिरत होता. वेदीवर एक तरुण फादर होते. त्यांची मराठी काय सांगू, इतकी स्वच्छ, इतकी वळणदार, एखाद्या आकाशवाणीच्या निवेदकाला लाजवणारी. लोकही तशीच घोटीव उत्तरं देत होते. प्रार्थना ऐन रंगात आली असताना, या वयात, मला एकदम हसू फुटलं. रुमाल तोंडाला लावून मी खाली बघत राहिले. शेजारच्या बाईंना वाटलं मी रडते आहे. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

काय करणार? माझ्या कानात दुसरीच मराठी वाजत होती.

ती मराठी या चर्चमध्ये आली त्या वर्षी मी बारा-तेरा वर्षांची असेन. चर्चच्या मागच्या गल्लीत आमच्या दोन खोल्या होत्या. बाबा रेल्वेच्या कारखान्यात फिटर, आई घर बघायची, भाऊ अगदीच लहान, आणि आमच्यात मार्थाआत्या. बाबांची ही धाकटी बहीण पारशिवनीच्या पलीकडच्या खेड्यात दिली होती. लग्नानंतर दोन वर्षांतच नवरा गेला आणि ती एक ट्रंक घेऊन आमच्याकडे आली, ती आमचीच झाली. चर्चचे कपडे धुण्याचं काम तिच्याकडे होतं. वेदीवरची पांढरी वस्त्रं, फादरांचे झगे, प्याल्यावर झाकायचा छोटा चौकोनी रुमाल. शनिवारी दुपारी आमचं घर खळीच्या आणि तापलेल्या इस्त्रीच्या वासानं भरून जायचं. कोळशाची ती जड इस्त्री ती अशी फिरवायची की लेसचा एक टाका दबायचा नाही. इस्त्री करताना गायची. देवाचं गाणं असं काही नाही, जात्यावरच्या ओव्या, भुलाबाईची गाणी, जे ओठावर येईल ते. मी रात्री तिच्याच कुशीत झोपायचे. तिच्या पदराला मेणबत्तीचा वास यायचा.

तोवर आमची मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, लॅटिनमध्ये होती. फादर आमच्याकडे पाठ, वेदीकडे तोंड करून उभे राहायचे आणि काहीतरी पुटपुटायचे. मधेच वळून हात पसरायचे: "दोमिनुस वोबिस्कुम." म्हणजे प्रभू तुमच्याबरोबर असो. हा अर्थ मला फार नंतर कळला. माझ्या भावाला तर वाटायचं, फादर बिस्कुटं वाटणार आहेत. दर रविवारी तो आशेनं मान उंच करायचा. मोठी माणसं रांगेत जाऊन जिभेवर पवित्र भाकर घेऊन यायची, ती गोल, पांढरी, पातळ चकती बघून त्याची खात्रीच पटायची. "मले काहून नाही देत?" तो मोठ्यानं विचारायचा, आणि आई त्याच्या तोंडावर हात ठेवायची.

लॅटिन आम्हा कोणालाच कळत नव्हतं, पण ते गायलं जायचं सुंदर. ते पेद्रू मास्तरांमुळे. मास्तर मूळचे गोव्याचे. एका शाळेत संगीत शिकवायचे, एकटेच राहायचे, आणि भर उन्हाळ्यातही काळा कोट घालायचे. चर्चमधली पायपेटी त्यांच्या ताब्यात. पायांनी भाता मारत, डोळे मिटून ते वाजवायला लागले की छताच्या लाकडातली कबुतरंसुद्धा गप्प व्हायची. गायकवृंदात पाच-सहा बायका आणि दोन पुरुष, त्यात आमची आत्या. कळत एक शब्द नसला तरी तिला सगळं पाठ होतं. मास्तर तिच्याशी कामापुरतंच बोलायचे. "बाई, वरचा सूर धरा." "बाई, घाई करू नका." एवढंच.

मग आमचे म्हातारे, पांढऱ्या दाढीचे फादर निवृत्त होऊन त्यांच्या देशी परत गेले आणि फादर मॅथ्यू आले.

फादर मॅथ्यू केरळचे. काळेसावळे, हसरे, सायकलवरून फिरणारे. त्यांच्याबरोबरच बातमी आली की आता जगभर सगळीकडे मिस्सा लोकांच्या भाषेत होणार, फादर लोकांकडे तोंड करून उभे राहणार. आमच्या चर्चला गोव्याची माणसं यायची, मद्रासकडची यायची, रेल्वेतले अँग्लो-इंडियन यायचे. पण सर्वांत जास्त आमच्यासारखे, आसपासच्या खेड्यांतून कामाला आलेले. तेव्हा रविवारची मोठी मिस्सा मराठीत होणार असं ठरलं. अडचण एकच होती. फादर मॅथ्यूंना मराठी येत नव्हती.

एका दुपारी ते झग्यांचं गाठोडं सायकलला बांधून आमच्या दारात आले आणि आत्याला म्हणाले, "बाई, मला मराठी शिकव."

आत्या संत्र्याच्या साली उन्हात वाळत घालत होती. तिला हसू आवरेना. "मले कुठं येते फादर मराठी? मी तं नुसती बोलते."

"मला पण नुसतं बोलायचं आहे," फादर म्हणाले.

झालं. नाताळचा गोठा नुकताच उतरवला होता, त्यातलं गवत अजून अंगणात पडलेलं होतं, आणि ओसरीवर शाळा सुरू झाली. आत्या तांदूळ निवडत बोलायची, फादर वहीत उतरवून घ्यायचे. त्यांच्याकडे एक छापील पुस्तकही होतं. पुस्तक एक सांगायचं, आत्या दुसरं. फादर डोक्याला हात लावून बसायचे.

"बाई, डोया की डोळा?"

"बोलायले डोया, लिहायले डोळा."

"मग मिस्सेत काय?"

आत्या विचारात पडायची. "मिस्सेत डोळाच म्हणा. देवासमोर हाये नं."

आणि त्या 'ळ'मध्ये फादर आम्हा सगळ्यांना भारी होते. त्यांच्या भाषेत ते अक्षर पावलापावलाला येतं. ते 'बाळ' म्हणायचे, 'सकाळ' म्हणायचे, 'मेंढपाळ' म्हणायचे, आणि आत्या हातातलं सूप बाजूला ठेवून ऐकत राहायची. "पाहा वं पोरी," ती मला म्हणायची, "केरळातून येऊन आपला 'ळ' आपल्याले शिकवून राहिले." मधेच आई पाटवड्यांची ताटली आणून ठेवायची. शेजारच्या शेवंताकाकू भिंतीवरून डोकावायच्या. त्यांच्या घरात बुद्धाची तसबीर आणि आमच्या घरात मारियेची, मधे कमरेएवढी भिंत. त्याही शिकवणीत भाग घ्यायच्या. "फादर, 'काहून' म्हना, 'का' म्हनू नोका. 'का' म्हटलं की मानूस भांडाले आल्यावानी वाटते."

पेद्रू मास्तरांना हे सगळं कळलं तेव्हा ते एकदाच आमच्या ओसरीवर आले. बसले नाहीत. टोपी हातात धरून उभेच.

"बाई, लॅटिन ही देवाची भाषा. हजार-दीड हजार वर्षांची. आता तुम्ही देवाशी बर्डीच्या बाजारातलं बोलणार?"

आत्यानं मान वर केली. "मास्तर, देवाले मराठी येत नाही काय?"

मास्तर लाल झाले. टोपी घालून निघून गेले. पुढच्या रविवारी पायपेटीला कुलूप दिसलं. किल्ली त्यांच्या कोटाच्या खिशात, आणि मास्तर अगदी शेवटच्या बाकावर, हात बांधून.

मग राखेचा बुधवार आला. उपासाचे दिवस सुरू झाले. मूर्तींवर जांभळी कापडं चढली, ती आत्यानंच शिवलेली. फादर मॅथ्यूंनी एकेकाच्या कपाळावर राखेचा क्रूस काढला आणि प्रत्येकाला मराठीत सांगितलं, "तू माती हायेस, मातीतच जाशील." बाबा कारखान्यातून तसेच आले होते, कपाळावर काळं वंगण. त्यावरच राख बसली. घरी येऊन त्यांनी आरशात पाहिलं आणि म्हणाले, "माती कोणती अन् राख कोणती, देवच जाने."

त्यानंतरच्या रविवारी पहिली मराठी मिस्सा. चर्च गच्च भरलेलं. फादर आमच्याकडे तोंड करून उभे राहिले. पहिल्यांदाच आम्हाला मिस्सेत फादरांचा चेहरा दिसत होता, त्यावर घाम होता. छापील प्रार्थना त्यांनी नीट म्हटल्या. मग पुस्तक मिटलं आणि प्रवचन सुरू झालं. ते मात्र त्यांचं स्वतःचं होतं.

"येशू आपल्याले बोलावून राहिला," फादर म्हणाले. "रोज बोलावून राहिला. अन् आपण काहून नाही जाऊन राहिलो?"

मग मागच्या बाकांवरून, जिथं खेड्यातल्या म्हाताऱ्या बसायच्या, तिथून एक खसखस उठली. ती पुढे पुढे सरकत वेदीपर्यंत आली. फादरही हसले. त्यांना वाटलं, आपण काही चुकलो. त्यांनी आत्याकडे बघितलं. आत्यानं मान डोलावली: चालू द्या. आणि एक म्हातारी सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "फादर तं आपल्यातलेच हायेत वं माय!"

घरी परतताना सगळी गल्ली 'बोलावून राहिला' म्हणत होती. माझी आई, जी लॅटिनच्या मिस्सेत हमखास पेंगायची, संध्याकाळी चुलीपाशी बसून बाबांना विचारत होती, "खरंच, काहून नाही जात आपण?" ते भाकरी खात राहिले.

पण गाण्याचं काय? पेटी बंद, लॅटिन बंद, मराठी गाणी मोजकीच आणि तीही कोणाला चालीसकट येईनात. आत्यानं मग जात्यावरची चाल घेतली आणि त्यावर आपले शब्द बसवले. शुक्रवारी संध्याकाळी क्रुसाची वाट असायची. भिंतीवर येशूच्या दुःखाची चौदा चित्रं, एकेका चित्रापुढे थांबून गुडघे टेकायचे, पुढे जायचं. येशूला त्याची आई भेटते त्या चित्रापाशी आत्या गायची. साथीला काही नाही, नुसता तिचा आवाज, जरा घोगरा, आणि चपलांचा सरकण्याचा आवाज. बाहेर कडुलिंबाला मोहोर आलेला, त्याचा गोडसर वास खिडकीतून आत यायचा आणि धुपात मिसळायचा. बायका पदरानं डोळे पुसायच्या. शेवटच्या बाकावर मास्तर मान खाली घालून बसलेले. मी मागे वळून बघितलं की त्यांचा बूट हलताना दिसायचा. भाता मारल्यासारखा, तालात.

पवित्र गुरुवार मला सर्वांत जास्त आठवतो. शेवटच्या भोजनाच्या आधी येशूनं आपल्या बारा शिष्यांचे पाय धुतले, म्हणून त्या संध्याकाळी फादर बारा पुरुषांचे पाय धुणार होते. आमच्याकडे यापूर्वी ते कधी झालं नव्हतं. बारा माणसं तयार करता करता फादरांच्या नाकी नऊ आले. कोणी म्हणे, फादरांनी माझ्या पायाला हात लावायचा म्हणजे पाप. कोणी म्हणे, टाचा फुटल्यात. बाबा तयार झाले आणि आमच्या मोरीत आठवडाभर पाय घासणं चाललं. वजरी, राख, खोबरेल तेल. बाबांच्या टाचांत वर्षानुवर्षांचं वंगण. आई म्हणाली, "अवो, फादर काय धुतील मंग? पाय धुवायले काही ठेवा तरी!"

गुरुवारी संध्याकाळी बारा खुर्च्या मांडल्या आणि अकराच माणसं आली. बारावा लाजून घरीच राहिला होता. अकरा जोड्या पाय, इतके स्वच्छ, इतके तेल लावलेले, की दिव्याच्या उजेडात चमकत होते. बारावी खुर्ची रिकामी. फादर मॅथ्यूंनी कमरेला टॉवेल बांधला, घंगाळ घेतलं, आणि सगळ्या चर्चवरून नजर फिरवली. ती शेवटच्या बाकावर जाऊन थांबली.

"मास्तर," ते म्हणाले, "या."

मास्तर हलले नाहीत. फादर घंगाळ घेऊन तसेच उभे. कोणीतरी खोकलं. शेवटी मास्तर उठले, मधल्या वाटेनं चालत आले, खुर्चीवर बसले आणि बूट काढू लागले. नाडी सुटेना. सुटली तेव्हा मोज्याला भोक दिसलं, त्यातून अंगठा बाहेर. आत्या तिथंच, चार हातांवर गायला उभी होती. तिनं पटकन दुसरीकडे बघितलं. पण मी तिच्याजवळ होते. मला तिचा चेहरा दिसला. हसू नव्हतं त्यात. फाटलेलं काही दिसलं की ती सुईदोरा शोधायची, तेव्हा असायचा तसा चेहरा.

फादर एकेकापुढे गुडघे टेकत आले. मास्तरांपाशी पोचले. दिवसभर गावभर शिकवण्या करून आलेले, धुळीनं माखलेले पाय. फादरांनी ते हातात घेतले, पाणी ओतलं. घंगाळातलं पाणी मातकट झालं. आणि फादर इतक्या आनंदानं म्हणाले की पहिल्या चार बाकांना ऐकू गेलं, "मास्तर, आज पहिल्यांदा खरे मळलेले पाय भेटले!"

अकरा जणांनी आपापल्या चकचकीत पायांकडे बघितलं. मग बाबाच आधी हसले, आणि सगळं चर्च हसलं. मास्तरही. मी त्यांना हसताना तेव्हा पहिल्यांदा बघितलं. त्यांचा एक दात सोन्याचा होता.

मिस्सा संपल्यावर ते आत्यापाशी आले. "बाई, पेटी आता ईस्टरपर्यंत वाजवता यायची नाही. नियम आहे." गुरुवारच्या रात्रीपासून घंटाही मुक्या होतात, पेटीही. त्या दोन दिवसांत लाकडी खुळखुळा वाजवून लोकांना बोलावतात. "पण शनिवारी दुपारी तुमची चाल मला ऐकवा. सूर बांधून ठेवतो."

"ती जात्यावरची चाल हाये मास्तर."

"ठाऊक आहे," मास्तर म्हणाले. "छान आहे."

शुक्रवारी आम्ही आंबील पिऊन राहिलो, उघड्या वेदीपुढे गुडघे टेकून क्रुसाचं चुंबन घेतलं. शनिवारी दुपारी बंद चर्चमधून एक घोगरा आवाज येत होता. थांबायचा, परत यायचा. मी पायरीवर बसून होते. आतून मास्तर म्हणत, "परत एकदा," आणि आत्या म्हणे, "किती वेळा परत?" आणि दोघंही हसत.

ईस्टरचा विधी आमच्याकडे पहाटे व्हायचा. अंगणात शेकोटी पेटवून तिच्यावर मोठी मेणबत्ती लावतात, आणि तिच्यावरून एकेकाची छोटी मेणबत्ती पेटत जाते. अंधारात अशा ज्योती सरकत सरकत चर्चमध्ये शिरल्या. जांभळी कापडं उतरली, सगळ्या घंटा एकदम वाजल्या, आणि पायपेटीनं दीड महिन्यानंतर श्वास घेतला. मग आत्या गायली:

*धोंडा सरकला माय, कबर रिकामी,*
*बागवान समजली, वळखलं नाही मी...*

येशू कबरेतून उठला, तेव्हा मग्दलेनेची मारिया त्याला बागेचा माळी समजली होती, तिची ती ओवी. मास्तरांनी खाली असे सूर भरले होते की ती चाल आमच्या अंगणातली राहिलीच नाही, आणि राहिलीसुद्धा. म्हाताऱ्या बायका गाऊ लागल्या. त्यांना शिकवावं लागलं नाही. बाहेर उजाडलं तेव्हा शेवंताकाकूंच्या दारात निळ्या पताका लागायला सुरुवात झाली होती, चौदा एप्रिलची जयंती जवळ आली होती. काकू आमच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "रात्रीपासून गाऊन राहिले का तुम्ही? मी उठली तं गाण्यातच उठली."

पुढे काय, कसं, कोणी कोणाला विचारलं, हे मला ठाऊक नाही. मोठ्यांच्या गोष्टी तेव्हा आमच्या डोक्यावरून जायच्या. एवढं आठवतं की एक दिवस आत्या मोज्यांची एक जोडी रफू करत बसली होती आणि बाबा घरात येरझारा घालत होते.

"या वयात लगन?" शेवटी ते म्हणाले. "लोकं काय म्हनतील, मार्थे?"

आत्यानं दोरा दातानं तोडला. भिंतीवरून शेवंताकाकूंनी विचारलं, "भाऊ, तुमच्या धर्मात विधवेले लगन मना हाये का?"

"नाही," बाबा म्हणाले.

"मंग काहून तोंड पाडून राहिले?"

बाबा आत गेले. आईनं त्यांना पाणी दिलं. त्या रात्री मी आत्याचा पदर मुठीत धरून झोपले. तोंड पाडायला मलाही कारण होतं. ते मला कोणी विचारलं नव्हतं.

आमच्यात लग्नाआधी तीन रविवार नावं पुकारतात. अमुक आणि तमुक लग्न करू इच्छितात, कोणाला अडचण माहीत असेल तर त्यानं सांगावं, म्हणून. पहिल्या रविवारी फादरांनी नावं वाचली आणि चर्चमध्ये कुजबुज झाली. दुसऱ्या रविवारी कमी झाली. तिसऱ्या रविवारी फादरांनी कागद खाली ठेवला आणि आपल्या मराठीत म्हणाले, "कोणाले काही आडकाठी ठाऊक असन, तं आत्ताच सांगून टाका."

सगळ्यांच्या नजरा बाबांकडे. बाबा समोरच्या बाकाच्या पाठीकडे बघत होते. आणि मागून एका म्हातारीचा आवाज आला, "आडकाठी काहाची बाप्पा? उशीर झाला म्हना!"

मिस्सेत इतकं हसलेलं चर्च मी परत कधी पाहिलं नाही. बाबांच्या खांद्यांवर माझी नजर होती. ते हलत होते. मला वाटलं रडतात की काय. मग त्यांनी खिशातून रुमाल काढला, डोळे पुसले, आणि तोंड वळवलं तेव्हा ते हसूच होतं.

लग्न मे महिन्यात, सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत. आत्याला वेदीपर्यंत बाबांनीच हात धरून नेलं. तिनं मोतिया रंगाची साडी नेसली होती, केसांत मोगरा. मास्तरांनी काळा कोट घातला होता, तेवढ्या गरमीत. त्यांनी शपथ लॅटिनमध्ये घ्यावी की इंग्रजीत, यावर गोव्याकडच्या मंडळींत आठवडाभर चर्चा चालली होती. फादरांनी पुस्तक पुढे केलं. मास्तरांनी ते घेतलं नाही. आत्याचा उजवा हात हातात घेतला आणि तोंडपाठ म्हणाले:

"मी, पेद्रू, तुले, मार्थाले, माही बायको म्हणून पत्करतो. सुखात, दुःखात, बिमारीत, बरं असताना, मरेस्तोवर मी तुले सोडून जानार नाही."

त्या वेळी कोणी हसलं नाही. मागच्या बाकांवरच्या म्हाताऱ्यासुद्धा नाही. फादर मॅथ्यूंनी पुढे केलेलं पुस्तक मिटलं.

मी मात्र त्या दिवशी खूप रडले. कैरीचं पन्हं प्यायले नाही, केक खाल्ला नाही. सगळे आत्याला पाहत होते, मला आमच्या खोलीतली तिची रिकामी जागा दिसत होती. संध्याकाळी तिची ट्रंक सायकल रिक्षात ठेवून ती मास्तरांच्या घरी गेली. घर दोन गल्ल्या सोडून होतं, पण मला ते केरळाइतकं लांब वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तोंड फिरवून झोपले होते. दार वाजलं.

"काहून वं, अजून लोळून राहिली? मोरीत पाणी नाही, काही नाही!"

आत्या दारात उभी होती. काल नेसलेली साडी नाही, रोजचीच. तिच्या मागे मास्तर, कोट नाही, बाह्या वर केलेल्या. एका हातात ती कोळशाची इस्त्री, दुसऱ्या हातात खळीची बादली, आणि खांद्यावर वेदीच्या वस्त्रांचं गाठोडं. इस्त्रीच्या वजनानं ते एका बाजूला कलले होते.

"त्याहींच्या घरी ऊन येत नाही," आत्या म्हणाली. "कपडे इथंच वाळवीन."

आणि ती वाळवत राहिली, आमच्याच अंगणात, आमच्याच दोरीवर, माझं लग्न होऊन मी पुण्याला जाईपर्यंत. मास्तर रोज सकाळी बादली घेऊन यायचे. मग ओट्यावर बसून आईच्या हातचा चहा प्यायचे आणि शेवंताकाकूंकडून नवे नवे शब्द शिकायचे.

मागच्या मार्चमध्ये त्या सफाईदार मिस्सेत मी हे सगळं आठवत बसले होते. केव्हा संपली कळलं नाही. लोक पात्या घेऊन बाहेर निघाले. शेजारच्या बाईंनी, ज्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला होता, जाता जाता वाकून विचारलं, "बरं वाटते का आता?"

"लय बरं वाटते," मी म्हटलं. पुण्यात इतकी वर्षं काढून माझ्या तोंडून ते तसंच आलं. बाई जरा थांबल्या, माझ्या चेहऱ्याकडे नीट बघितलं, आणि "तुम्ही तं इथल्याच!" म्हणत माझ्याजवळ बाकावर बसल्या.